दोन बोटं खाली घेतलेलं इंजिन

कोरीनच्या नजरेतून काही सुटत नाही, हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, हॅमट्रॅमिक गावच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ती स्वतः सांगायची! तीन वर्षांच्या टिलीची द्राक्षं ती चार तुकडे करून द्यायची, आणि तुकडे मोजायची. घरातल्या प्रत्येक प्लगला झाकण, प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला स्पंज. पोर जन्मल्यापासून तिला साधं टेंगूळसुद्धा आलेलं नव्हतं. "नजर हवी नजर," कोरीन शेजारणीला म्हणायची, "म्हणजे घरात अपघात होतच नाहीत!"

आणि एका रविवारी तिनेच असा अपघात केला, की त्यापायी एक धडधाकट इंजिन पार कमरेतून खचलं.

त्याचं झालं असं. कोरीनचे सासरे कॅझ डोंब्रोवा एकतीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. त्यांनी लाखो बॉनेटं दाबली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक सत्तर सालची, वांग्याच्या रंगाची, दोन दारांची दांडगी गाडी आणून लेकाच्या गॅरेजात उभी केली. का? तर तिचं बॉनेट आपणच दाबलेलं आहे, अशी त्यांची खात्री होती म्हणून! पुरावा काय? "आईला स्वतःचं पोर ओळखायला पुरावा लागतो का?" संपला विषय.

दर ऑगस्टात मोठ्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची फेरी निघते. प्रेसवरचे कॅझचे सगळे जुने सोबती फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. गेली अकरा वर्षं कॅझ त्यांना सांगत आले, "पुढच्या वर्षी गाडी घेऊन येतो." आणि गेली अकरा वर्षं ते बसने गेले. गेल्या वर्षी तर ते बसमधून उतरताना सोबत्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या! त्या दिवशी म्हातारा तोंडात घास न घालता झोपला. यंदा काही झालं तरी गाडी जाणार होती, बॉनेट लावून, स्वतःच्या चाकांवर.

अडचण एकच. कोरीनच्या नवऱ्याने, लिओनने, हौसेने गाडीत मूळच्यापेक्षा थोराड इंजिन आणून बसवलं. त्यावर एअर फिल्टरचा हा एवढा गोल डबा! आता बॉनेट त्याला टेकतं की काय, ही शंका. उघड्या बॉनेटखाली डोकं घालून हे कळत नाही आणि बंद केल्यावर तर काहीच दिसत नाही. त्यावर या लोकांची एक जुनी युक्ती आहे. डब्यावर मातीचे चार उंच गोळे ठेवायचे, बॉनेट हळूच लावायचं, पुन्हा उघडायचं. गोळा दबून जेवढा उरला तेवढी जागा. गोळ्याचा पापड झाला, तर बॉनेट टेकलं!

रविवारी दुपारी लिओनला माती सापडेना. त्याने टिलीचे क्लेचे डबे उचलले, चार गोळे ठेवले, बॉनेट लावलं. मोजायला व्हर्नियर हवा, तो शेजारच्याकडे. बापलेक तो आणायला गेले. जाताना काचेवर कागद चिकटवला: हात लावू नये, मोजमाप चालू आहे.

इकडे टिलीने भोकाड पसरलं. "माझा क्ले गाडीच्या पोटात गेला!"

कोरीन धावली. बॉनेट उघडलं. बघते तर इंजिनावर लाल, पिवळे, हिरवे, निळे गोळे! तिच्या काळजाचं पाणी झालं. म्हणजे पोरगी इंजिनावर चढली होती? इथे? या पंख्यापाशी? तिने एका हाताने लेकीची दहा बोटं मोजली, दुसऱ्या हाताने चारही गोळे खरवडून काढले, आणि समाधानाचा श्वास सोडून बॉनेटच्या आडून पलीकडे पाहिलं, तो काचेवरचा कागद!

बाहेर पावलं वाजली.

कोरीनने काय करावं? घाईघाईने चार गोळे पुन्हा वळले आणि घसरू नयेत म्हणून अंगठ्याने दाबून दाबून बसवले, पिएरोगीच्या, म्हणजे पोलिश करंज्यांच्या, कडा दाबतात तसे. चपट झाले थोडे. असू देत. बॉनेट लावलं, पोरीला काखोटीला मारलं, आणि कोपऱ्यात जाऊन उगीचच झाडू हातात घेतला.

बापलेकांनी बॉनेट उघडलं. दोघांची डोकी एकदमच आत गेली.

"पापड!" लिओन म्हणाला.

"पापडसुद्धा जाड असतो," कॅझ म्हणाले. "हा नुसता रंग दिलाय!"

"आणि हे बघा पॉप, हे वळ! बॉनेटच्या आतल्या पट्टीचे वळ उठलेत त्यावर." तो तिच्या अंगठ्याचा ठसा होता. लिओनने तो चष्मा लावून बारकाईने पाहिला आणि त्याचा फोटो काढला.

"लिओन, मला जरा..." कोरीनने तोंड उघडलं.

"थांब गं, इथे आभाळ कोसळलंय! पॉप, सोपं आहे. बॉनेटला वर भोक पाडू, त्यावर झाकण बसवू. सगळेच करतात."

"भोक?" कॅझनी छातीची बटणं उघडली. "हे घे. आधी इथे पाड!"

"मग डबा बदलू. बुटका आणू."

"शनिवारच्या आत कुठून आणणार? आभाळातून? बॉनेट वर जाणार नाही, तर इंजिन खाली जाईल. दोन बोटं खाली! आण ग्राइंडर!"

कोरीनने ठरवलं, रात्रीच्या जेवणाला सांगून टाकायचं. कबुलीची किंमत काय, तर चार गोळे आणि थोडी चिडचिड. पण जेवायला बसायच्या आधीच इंजिन ज्यांवर बसतं ती दोन्ही फाउंडेशनं कापलेली, आणि कॅझ तो कापलेला तुकडा बशीशेजारी ठेवून सॉसेज खात होते. "बघ पोरी, कसा काप आलाय! लोण्यासारखा!" आता कबुलीत दोन फाउंडेशनंही आली. कोरीन म्हणाली, "सुंदर आहे, पॉप." दुसरं काय म्हणणार?

सोमवारी इंजिन दोन बोटं खाली उतरलं आणि त्याचं ऑइल चेंबर खालच्या आडव्या दांड्यावर जाऊन बसलं, बाकावर जाडी बाई बसावी तसं.

"दांडा कापू," लिओन म्हणाला.

"दांडा कापला तर गाडीची पुढची चाकं एकमेकांना भेटायला येतील, गाढवा! चेंबर काप."

मंगळवारी चेंबरला दांड्यापुरती खाच पाडली, वेल्डिंग केलं. खाचेमुळे तेल पुरेसं मावेना, म्हणून चेंबर खालून चार बोटं खोल केलं. कोरीन कॉफी घेऊन आली, तर चेंबर गाडीखाली लोंबत होतं, बाळंतपणाला आलेल्या मांजरीसारखं.

"लिओन, हे रस्त्याला नाही ना लागणार?"

"कोरीन, तू टिलीकडे बघ."

बुधवारी कळलं की सायलेन्सरचा पाइप आता स्टीअरिंगच्या दांड्याला अडतोय. गाडी डावीकडे वळे. उजवीकडे मात्र ठाम नकार!

कॅझनी डोळे मिटून शहराचा नकाशा आठवला. "इथून निघालं की डावीकडे, चर्चपाशी डावीकडे, मग मोठा रस्ता. उजवीकडे आपलं काम काय?"

"घरी परत यायचं असतं, पॉप!" कोरीन ओरडली.

मग पाइप तापवून त्याला हातोड्याने पोचा पाडला. तो एवढा देखणा पडला, की लिओनने त्याचाही फोटो काढला. गुरुवारी पंखा रेडिएटरच्या तळाला चाटू लागला, त्याची पाती कातरली. कोरीन रोज सकाळी हिशेब मांडी: दोन फाउंडेशनं, एक चेंबर, एक पाइप, सहा पाती. रोज कबुली महाग होत चाललेली! आणि गंमत अशी, की बापलेक आठवडाभर त्या गाडीखाली शेजारी शेजारी उताणे पडून शिट्ट्या मारत होते. एरवी त्या दोघांचं बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "हे घ्या."

गुरुवारी रात्री तिने आडून विचारलं. "समजा हं, नुसतं समजा. त्या गोळ्यांना कुणी हात लावला असेल तर?"

"कोण लावेल?" लिओन हसला. "एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं! वाचता येणारा माणूस तर लावणार नाही."

वाचता येणाऱ्या, पदवीधर कोरीनने कॉफीत मीठ घातलं.

शुक्रवारी पुन्हा चाचणी. या खेपेला कोरीन स्टूल टाकून गाडीशेजारी बसली, बँकेच्या दारातल्या शिपायासारखी. माशीसुद्धा फिरकू दिली नाही! बॉनेट लावलं, उघडलं. गोळे जाडजूड, गुबगुबीत उभे.

लिओनने व्हर्नियर लावला. पुन्हा लावला. "पॉप, चार बोटं जागा आहे."

"चार? आपण उतरवलं दोन बोटं."

"हो."

"आधी जागा होती शून्य."

"हो."

"मग चार कुठून आली?"

 आता सुटका! आता यांना कळणार, मग ती रडणार, मग सगळं एकदाचं संपणार.

"इंजिन बसलं असेल, पॉप," लिओन गंभीरपणे म्हणाला. "नवीन घर बसतं ना, तसं."

"बसतं," कॅझनी मान डोलावली. "बसतं खरं!" आणि दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली.

शनिवार उजाडला. वांगी रंगाची गाडी गल्लीत अशी गुरगुरली, की समोरच्या घराचे पडदे हलले. लिओन टिलीला घेऊन रोजच्या गाडीने पुढे गेला, कारण मागे पट्टे नसलेल्या गाडीत लेक बसणार नाही हे कोरीनने बजावलं होतं. "पण तू माझ्याबरोबर बस," कॅझ म्हणाले. "आठवडाभर कॉफी कुणी पाजली?" त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मिशांना तेल लावलं होतं. कोरीन जीव मुठीत धरून बसली.

डावीकडे. चर्चपाशी पुन्हा डावीकडे. समोर मोठा रस्ता दिसू लागला, गर्दी दिसू लागली, घडीच्या खुर्च्याही दिसू लागल्या. कॅझ हसले. अकरा वर्षांचं हसू!

"पॉप, खड्डा!"

खरं तर तो खड्डा म्हणण्यासारखाही नव्हता. मिशिगनच्या मानाने खळीच! गाडीचं चाक त्यात अलगद उतरलं आणि चार बोटं लोंबणारं चेंबर रस्त्यावर आपटलं: खण्ण! मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ उमटली. कॅझनी इंजिन बंद केलं. मोठा रस्ता पन्नास पावलांवर.

म्हाताऱ्याचे हात स्टीअरिंगवर तसेच. समोर जुन्या सोबत्यांच्या टोप्या दिसत होत्या. कोरीनला वाटलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

बंद पडलेल्या गाड्यांसाठी कोपऱ्यावर सपाट पाठीचा ट्रक घेऊन कॅझचा जुना दोस्त झिग उभाच होता. "चल रे, उचलतो," तो म्हणाला. "पण गॅरेजकडे जायचा रस्ता एकच उघडा आहे, हा समोरचा. आणि खाली उतरा दोघं. गाडी वर चढवली की आत माणूस बसवणं कायद्यात बसत नाही."

"मी बसत नाहीये," कॅझ म्हणाले. "मी उतरत नाहीये! त्यात फरक आहे."

झिगने आभाळाकडे पाहिलं आणि साखळी लावली.

आणि मग मंडळी, काय थाट झाला म्हणता! बाकीच्या साऱ्या गाड्या रस्त्यावरून सरपटत होत्या आणि डोंब्रोवांची गाडी सगळ्यांच्या डोक्यावरून, पालखीत बसल्यासारखी चालली होती. उन्हात बॉनेट झळकत होतं. बंद! अख्खं! एक भोक नाही! लोकांना वाटलं, हा खास मान असणार. टाळ्या, शिट्ट्या! प्रेसवरचे सोबती खुर्च्यांवरून उठून टोप्या उडवू लागले. कॅझ आधी दचकले, मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि मग तो काही आत येईना.

कोरीनला राहवेना. ती रडत, हसत, एका दमात बोलून गेली. "पॉप, बॉनेट पहिल्या दिवसापासून नीट बंद होत होतं! गोळे मी काढले, मीच परत चिकटवले, अंगठ्याने दाबले. ते वळ माझे! काहीच कापायची गरज नव्हती!"

कॅझ हात हलवत राहिले. एक सिग्नल गेला. दुसरा गेला.

"लिओनला ठाऊक आहे?"

"नाही."

"तो बघ."

फुटपाथवर लिओन खुर्चीवर उभा होता. खांद्यावर टिली. दोन्ही हात पसरून वीस-पंचवीस लोकांना तो दाखवत होता, इंजिन कुठे होतं आणि कुठे आणलं. ट्रकच्या आवाजातूनही ऐकू येत होतं, "मी म्हटलं, दोन बोटं खाली! आयडिया माझी!"

"पॉप, ती आयडिया तर तुमची होती!"

"होती," कॅझ म्हणाले. "आता त्याची. अजिबात परत घेणार नाही मी! हात हलव पोरी, लोक बघतायत."