बटणला गोल मिळाला

आमची मुलगी एक इयत्ता गाळून तिसरीतून थेट पाचवीत जाणार, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती. घरात तिला सगळे बटण म्हणतात. कुठलीही गोष्ट एकदा ऐकली की बटणला ती पाठ. शाळेतून आली की बाईंचा अख्खा तास, मधल्या खोकल्यासकट, म्हणून दाखवायची. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक हनुवटी यंत्रावर टेकवून बसलं की मी त्याला बटणचे किस्से ऐकवतो. बिचारं उठून जाऊ शकत नाही.

अशात शाळेचं पत्रक आलं. सरकारी शाळा, वर्गात चाळीस मुलं. पुढच्या सत्रापासून गणित आणि भाषेसाठी मुलांचे तयारीनुसार तीन गट करायचे, आणि एखादं मूल फारच पुढे असेल तर त्याला वरच्या इयत्तेत बसवायचं, असा विचार चालला होता. शनिवारी पालकांची सभा होती. पत्रक आलं त्याच दिवशी मी गटांच्या बाजूने दोन पानी भाषण लिहून काढलं. बायको रुग्णालयात परिचारिका आहे. घाबरायच्या आधी ताप मोजायचा ही तिची रीत. ती म्हणाली, आधी काय ठरतंय ते तर बघा. मी म्हटलं, त्यात बघायचं काय?

बुधवारी बटण घरी आली ती गणवेशावर कागदी गोल लावून. खालच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्यांची मुलगी ही तिची जिवाभावाची मैत्रीण. तिला त्रिकोण. समोरच्या बसचालकांच्या मुलाला चौकोन. संध्याकाळी जिन्यात आम्ही तिघे बाप भेटलो आणि तिघांच्याही डोक्यात एकदमच तेच आलं. सभेच्या आधीच गट पाडून मोकळे झाले की हे लोक!

बेकरीवाल्यांचं म्हणणं, त्रिकोणाला टोक असतं, म्हणजे तो सगळ्यात वरचा. बसचालक म्हणाले, बाजू मोजा, चार म्हणजे जास्त. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. गोलाला टोकही नाही आणि बाजूही नाही. बेकरीवाल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मयताला आलेला माणूस ठेवतो तसा.

रात्री जेवताना मी बटणला विचारलं, गोलात आणखी कोण कोण आहे? ती हे गोल कसे मिळाले ते सांगायला लागली, पण मला कारण नको होतं, यादी हवी होती. यादीत स्पर्धेत पहिली आलेली एक मुलगी निघाली आणि खडू खाणारा एक मुलगाही निघाला. यावरून काय समजायचं? दुसऱ्या दिवशी मी एका निवृत्त पोस्टमनच्या चष्म्यात उजवीकडची काच डावीकडे बसवली. तासाभरात ते परत आले आणि शांतपणे म्हणाले, "मी आत्ता एका खांबाला नमस्कार केला."

त्याच दुपारी मी दुसरं भाषण लिहिलं, गटांच्या विरोधात. कोवळ्या मुलांवर शिक्के मारणं हा कसा अन्याय आहे, वगैरे. लिहिताना माझे डोळे भरून आले.

शुक्रवारी बटणच्या वर्गबाई चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आवळून घ्यायला दुकानात आल्या. एक स्क्रू मी वीस मिनिटं आवळला. शेवटी धीर करून विचारलं, "बाई, आमच्या मुलीला गोल मिळालाय, त्याचं काय?"

बाई हसल्या. "तिच्या गोलाची मला अजिबात काळजी नाही. तुमच्यासारखे वडील असताना कसली काळजी?"

मी हवेत तरंगत घरी गेलो. हुशारी बापाकडून आली, हे बाईंनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी ढवळत म्हणाली, "बाई दोनच मुलांची काळजी करत नाहीत. एक फार पुढचं, आणि एक ज्याची आशा सोडलेली असते." मी पुन्हा जमिनीवर. शनिवारी निघताना एक भाषण डाव्या खिशात घातलं, दुसरं उजव्या.

सभा तिसरीच्याच वर्गात होती. मुलांच्या बाकांवर आम्ही गुडघे छातीला लावून बसलो होतो. बसचालक पहिल्यांदा बोलले. त्यांचा मुलगा पाच मिनिटांत गणितं संपवतो आणि उरलेला तास खिडकीबाहेर बघतो. घरी येऊन विचारतो की शाळा रोज कशाला असते. बेकरीवाले उठले. ते स्वतः लहानपणी मागच्या गटात होते. "मला 'ढ' म्हणून बसवलं ते बसवलंच," ते म्हणाले. "पुढे यायला कुणी सांगितलंच नाही." दोघांचंही खरं होतं, आणि माझ्या खिशांत दोन्ही बाजूंची भाषणं होती.

मी उठलो. गटांच्या बाजूचं भाषण जोरात सुरू केलं. पहिलं पान संपता संपता माझी नजर मुख्याध्यापिकांच्या टेबलावरच्या यादीवर गेली. यादी मला उलटी दिसत होती, पण एवढं वाचता आलं: 'गोल – विशेष लक्ष हवे.' हात आपोआप दुसऱ्या खिशात गेला, आणि "म्हणूनच हुशार मुलांना अडवू नका" या वाक्यापुढे मी वाचलं, "हे शिक्के आधी पुसून टाका."

बेकरीवाल्यांनी विचारलं, "तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

"आधी मला सांगा, गोल म्हणजे काय?" मी जवळजवळ ओरडलोच.

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. गट अजून पडलेलेच नव्हते. बुधवारी आरोग्य तपासणी झाली होती. चौकोन म्हणजे सगळं ठीक. त्रिकोण म्हणजे दात किडलेत. "आणि गोल म्हणजे," त्या माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "फळा दिसत नाही. चष्मेवाल्याकडे न्यावं."

सभा हसली. बेकरीवाले हसले नाहीत, ते दातांचा विचार करत होते.

सभेतून घरी जाऊन मी बटणला थेट दुकानात नेलं. माझा विश्वासच बसत नव्हता. अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं, तर तिने शेवटची ओळसुद्धा धडाधड म्हटली. मला हायसं वाटलं. मग सहज तक्ता फिरवून मागची, वेगळ्या अक्षरांची बाजू लावली. बटणने डोळे बारीक केले. मान पुढे काढली. मग म्हणाली, "बाबा, ही ओळ अजून कुणी वाचली नाहीये ना. वाचली की मी सांगेन."

शाळा सुटल्यावर ती रोज माझ्या दुकानात बसायची. गिऱ्हाइकांनी वाचलेला तक्ता तिने ऐकून पाठ केला होता, बाईंचा तास केला होता तसाच. मी पाठ फिरवून काचा पुसायला लागलो, त्या आधीच स्वच्छ होत्या.

चष्मा लागला. मग चाचणी झाली. गट पडले, पण दर दोन महिन्यांनी बदलायचे, या अटीवर. ती अट बेकरीवाल्यांनी घालून घेतली. बसचालकांचा मुलगा चौथीच्या गणिताला बसायला लागला. बटण मधल्या गटात गेली. मैत्रीणही तिथेच आहे, दोन दात कमी घेऊन.

मी तिला विचारलं, वाईट नाही ना वाटलं? तिने चष्मा वर सरकवला. म्हणाली, मधला गट बरा आहे, सगळ्यांना सगळं थोडं थोडं येतं, म्हणून सगळे बोलतात.

हे ऐकून मी मधल्या गटाच्या समर्थनार्थ निवेदन लिहायला घेतलं होतं. पहिल्याच वाक्यानंतर बायकोने पेन काढून घेतलं.