नानांची आयातबंदी

आमचे शेजारी नाना लेले रोज सकाळी धार यावी म्हणून काचेच्या पेल्यात दाढीचं जुनं पातं घासत बसायचे. पातं परदेशी, म्हणून नवं आणायचं नाही असा त्यांचा निश्चय होता. त्यांच्या हनुवटीवर कापलेल्या जागी कायम कागदाचा एक कपटा चिकटलेला असे, आणि देशकार्यात झालेली जखम म्हणून नाना तो संध्याकाळपर्यंत मिरवत.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत देशाकडे परकीय चलन उरलं नसल्याची बातमी आली. डोंबिवलीत आम्ही सगळ्यांनीच ती वाचली आणि पेपर रद्दीत टाकला. नानांनी मात्र ती मनावर घेतली.

"देश म्हणजे काय रे? मोठं बिऱ्हाड," ते मला समजावत. "ओढगस्त आली की सोसायचं. जे उद्या कमावून देईल तेवढंच बाहेरून आणायचं. यंत्रं आणा, बिस्किटं नकोत. यंत्र हा भांडवली माल."

बिस्किटं गेली, विजेरी गेली. पुढे पुढे मंडईतून येणारी भाजीसुद्धा नानांना आयात वाटू लागली. त्यांनी परसात वांगी लावली आणि ती मेली अशी काही फोफावली की विचारू नका. काकूंनी एकदा चाचरत विचारलं, "अहो, आज दुसरं काही आणता का?"

"सोसायचं," नाना म्हणाले.

उरलेली वांगी आमच्याकडे येत. त्याला ते निर्यात म्हणत. बदल्यात आमच्याकडचं ताक नेत, पण ती आयात नव्हे, करार. माझी बायको नानांना टोपलीसकट येताना पाहिलं की हळूच दार लोटून घ्यायची.

अशात त्यांची लेक कुसुम बाळंतपणाला कल्याणहून माहेरी आली. मुलगी झाली, पण कुसुमला ताप धरला आणि तिचं दूध आटलं. गाईम्हशीचं दूध बाळाला पचेना. डॉक्टरांनी डब्यातली दुधाची पूड सांगितली. ती परदेशी, आणि आयात बंद, त्यामुळे दुकानांत डबा नाही. पोर डोळ्यांदेखत सुकत चालली होती.

नाना रजा टाकून निघाले. कुणाकडे चिमूटभर चुना मागायला लाजणारा हा माणूस औषधांच्या दुकानांतून हात जोडत फिरला. शेवटी ठाण्यात एका मिठागरवाल्यांकडे, त्यांच्या नातवासाठी बंदीआधीच आणून ठेवलेल्या डब्यांतला एक मिळाला. तिथली म्हातारी म्हणाली म्हणे, "ने बाबा. पोर भुकेली कशाला ठेवतस?"

संध्याकाळी मी गेलो तेव्हा नाना नातीला मांडीवर घेऊन बोंडल्याने दूध पाजत होते. बाजूला तो इंग्रजी अक्षरांचा डबा. मला राहवेना.

"नाना, आयात झाली की."

"भांडवली माल आहे हा," नातीवरची नजर न काढता ते म्हणाले.

मी हसलो. नाना हसले नाहीत.

"कुसुमच्या आधी आम्हाला मुलगा होता, तुला ठाऊक नसेल. मंदीत माझी नोकरी गेली होती. त्याला दूध मिळेना. ही रडायची, आणि मी तिला सांगायचो, सोसायचं."

पोट भरल्यावर पोरीने तोंड फिरवलं. नानांनी धोतराच्या सोग्याने तिची हनुवटी पुसली.

"सगळं सोसावं रे," ते म्हणाले. "तेवढं नव्हतं सोसायचं."