मन्मथअप्पांची झाकलेली कोंबडी

आमच्या शेजारच्या मन्मथअप्पांच्या स्वयंपाकघरात गेलात, तर फळीवर मसाल्याची पाकिटं ओळीनं उभी दिसतील, आणि प्रत्येक पाकिटावर शाळेच्या वहीला लावतात तसलं लेबल. नाव : बटाटा. इयत्ता : तिखट. विषय : रस्सा. हसू नका. मी एकदा हसले होते, तर आठ दिवस अप्पा कोथिंबीर मागायलासुद्धा आमच्या दारात आले नाहीत.

त्या लेबलाखाली कोंबडी आहे. म्हणजे कोंबडीचं चित्र. अप्पांचं इथं ताडकळसात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. ते बंद केलं तेव्हा लेबलांचे गठ्ठे उरले, ते असे कामी आले. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, घरात कधी अंडंही शिरलेलं नाही. आणि या माणसाला बाजारातल्या तयार करी पेस्टांमधून पसंत पडली कोणती, तर चिकनची! आता त्या पेस्टमध्ये चिकन नसतं. कांदा, टोमॅटो, मसाला, तेल, एवढंच. शिजवायचं काय ते आपण घालायचं. शाकाहाराचा हिरवा ठिपकाही असतो पाकिटावर. पण चित्रात तंगडी असतेच ना!

"पनीरवाल्यात साखर घालतेत गं," अप्पांनी मला समजावलं होतं. "दम ह्याच्यातच हाय. फकस्त चित्र वंगाळ. त्ये झाकलं की झालं."

बरं, चित्राचं काही चालत नसलं तरी पाकिटावरचा मजकूर म्हणजे अप्पांना पोथी. अर्धा किलो चिकन लिहिलंय ना, मग बटाटे बरोबर अर्धा किलो, तराजूत तोलून. 'दहा मिनिटं मंद आचेवर' म्हटलं की मनगटावरचं घड्याळ ओट्यावर. एकदा सातव्या मिनिटाला रस्सा बुडाला लागला. मी ओरडले, "अप्पा, गॅस बंद करा!"

"कंपनी येडी हाय का? दहा लिवलंय."

उरलेली तीन मिनिटं आम्ही दोघं त्या धुरात खोकत उभे होतो. दिवसाआड भिंतीवरून वाटी यायची. "सुनंदा, चाखून सांग. हाटेलासारखं झालंय का?" झालंय म्हटलं की मान हलवायचे आणि घरात जायचे. मला वाटायचं, म्हातारा चैनीत आहे. नीलाकाकूंना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, जाऊन वर्ष होत आलेलं, तरी रोज हॉटेलचं जेवण! पण अंगावरचा सदरा मात्र दर महिन्याला ढगळ होत चाललेला. मीच तो दोनदा आत घेतला. शिवणकाम करते ना मी, मापं खोटं बोलत नाहीत.

अप्पांची गालफडं बसलीत, हे कोणीतरी गौराक्कांच्या कानावर घातलं. गौराक्का म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहीण, परभणीत मुलाकडे असतात. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. फोनवर एवढा मोठा आवाज, की मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

"सोमवारी येते. माझ्यासमोर एक जेवण नीट करून दाखव, अन् नीट खाऊन दाखव. नापास झालास तर घराला कुलूप घालायचं अन् माझ्यासंगं चलायचं. एक शब्द ऐकणार न्हाई."

अप्पा रिसीव्हर ठेवल्यासारखा मोबाइल खाली ठेवून माझ्याकडं आले. "सुनंदा, मला न्हाई जायचं गं. इथं तिचं समदं हाय." बस, एवढंच म्हणाले. परभणीच्या तिसऱ्या मजल्यावर हा माणूस महिनाभरही तग धरणार नाही, हे सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे?

सोमवारी अकराच्या बसनं अक्का आल्या. आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात, खुर्ची ओढून बसल्या. कमरेला खोचलेलं नवं कुलूप काढून ओट्यावर ठेवलं. मी भाकऱ्या करायला गेले होते; माझ्या हातातली पहिलीच भाकरी फाटली.

अप्पांचे बटाटे ठीक पडले, पेस्ट ठीक पडली, घड्याळ ठीक चाललं. मग त्यांनी रोजची सवय केली. पाकिटाला चिकटलेला शेवटचा थेंब निघावा म्हणून रिकामं पाकीट गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवलं. मी 'अप्पा!' म्हणेपर्यंत लेबल अर्धं सुटलं, आणि अक्कांच्या नाकासमोर लालभडक तंगडी वर आली.

"मन्मथाऽऽ!"

खुर्ची पडली. "नीलाच्या घरात? ह्या ओट्यावर? अरं, लाज हाय का तुला!"

"अक्का, त्यात न्हाई, चित्र हाय नुसतं..."

"चित्र? मला शिकवायलास?" अक्कांनी कुलूप उचललं. "पिशवी भर. आत्ताच्या आत्ता."

"अक्का, थांबा!" मी पिठाच्या हातानं पाकीट उचललं. हिरवा ठिपका असायला हवा, पण तो उरलेल्या अर्ध्या लेबलाखाली. या माणसानं कोंबडी झाकायच्या नादात ठिपकाही झाकलेला! नखानं खरवडावं तर खालचा छापच निघायला लागला. ठिपका उडाला असता तर देवसुद्धा अप्पांच्या बाजूनं साक्ष द्यायला आला नसता. पाकीट पुन्हा गरम पाण्यात धरलं. बोटं भाजत होती. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. डिंक हळूहळू सुटला, आणि चौकोनातला हिरवा ठिपका दिसला. मग मी अक्कांना खालची घटक पदार्थांची यादी एकेक शब्द वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्वतः दोनदा वाचली.

"वाढ," एवढंच म्हणाल्या.

गळ्यातलं लिंग हातात घेऊन त्यांनी क्षणभर डोळे मिटले. पहिला घास, दुसरा घास. चुलीपुढं बसले असते तर एवढा घाम आला नसता मला.

"चव हाय," त्या म्हणाल्या. "हाटेलात बी एवढी नसती."

मी श्वास सोडला. जिंकलो म्हटलं!

"आता तू खा."

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तसाच धरून बसले. रस्सा बोटांवरून मनगटावर आला.

"न्हाई जात, अक्का."

"कामून?"

"मला न्हाई आवडत हे."

मी चाटच पडले. अहो, वर्षभर वाट्या आम्ही रिचवल्या!

"मग करतोस कशाला रोज? अन् खातोस काय?"

"दूध-भाकर खातो थोडी." अप्पा ताटाकडंच बघत होते. "चाळीस वर्षं नीलाला म्हणलो, तुझ्या हाताला हाटेलाची चव न्हाई. पाव्हण्यांसमोर म्हणलो. ती म्हणायची, येकदा तुमीच करून दाखवा. म्हणून करायलो. पर तोंडात घातलं की तिचीच, घरी भाजून दळलेल्या येसराची आमटी आठवती. लय चांगली करायची गं ती. येकदा बी म्हणलो न्हाई मी तिला."

अक्कांचा हात ताटातच थांबला.

"नापास," त्या म्हणाल्या.

अप्पांनी मान खाली घातली. पिशवी भरायला उठायलाच लागले ते.

"बस खाली! नापास पोराला शाळा सोडून जाता येतंय का? त्याच वर्गात बसावं लागतंय." अक्कांचा आवाज मोठाच होता, पण डोळ्यांचं काही खरं नव्हतं. "पुढल्या सोमवारी पुन्हा येते परीक्षा घ्यायला. येसराची आमटी कर. नीलाच्या हातची मी बी खाल्ली हाय, चुकली की सांगते. अन् पास केल्याबिगर मी तुला सोडत न्हाई, मग किती सोमवार लागायचे त्ये लागू दे."

अप्पा तोंडाला उपरणं लावून रडायला लागले, आणि तव्यावरची भाकरी विसरून मीही. अक्का मात्र खाली बघून जेवत राहिल्या. जरा वेळानं मान न उचलताच मला म्हणाल्या,

"पोरी, तुझ्याकडं दूध असंल तर आण गं वाटीभर. सकाळपासनं उपाशी हाय लेकरू."