कायद्याचा शीशा

आबासाहेब रेठरेकरांच्या मोटारीत त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला रस्ता दिसत नसे. आरसा दिसे. चांगला जाड, विलायती, चारी कोपऱ्यांत एकेक पोपट कोरलेला आरसा. त्यात स्वतःचं अर्धं तोंड दिसायचं आणि मागची रिकामी गादी. समोरच्या काचेच्या जागी आरसा असलेली अख्ख्या हिंदुस्थानात ही एकच मोटार. व्हाइसरॉयकडेसुद्धा नव्हती. मी चौकशी केलेली नाही, पण नसणारच. त्या जागेवर मी निदान चाळीस वेळा बसलो असेन. माझ्या कानामागचा तीळ मला वयाच्या तिसाव्या वर्षी तिथेच सापडला.

आबासाहेब माझे घरमालक. मी साताऱ्याकडून ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका शाळेत मास्तर म्हणून आलो आणि इंदरगंजात त्यांच्या घरात एक खोली घेतली. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "मास्तर, रात्री दार कायद्याने लावत जा."

मी घाबरलो. परक्या संस्थानात आलेला माणूस. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना विचारलं की ग्वाल्हेर दरबारात दार लावण्याचा कायदा कोणत्या कलमात येतो. हेडमास्तर इतके हसले की पगडी टेबलावर उतरवून ठेवावी लागली. मग कळलं की इकडच्या हिंदीत 'कायदे से' म्हणजे व्यवस्थित, आणि आबासाहेबांनी ते जसंच्या तसं मराठीत उतरवून घेतलं होतं. चहा कायद्याने उकळायचा. पोळी कायद्याने भाजायची. एकदा मला सर्दी झाली तर म्हणाले, "शिंकायचं तर कायद्याने शिंका, मास्तर. असं अर्धवट काय करून राहिले?"

त्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आले आणि आबासाहेबांची सगळी नोकरी सरकारी पागेत गेली. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी एका सरदाराची जुनी मोटार घेतली आणि तबेल्यात बांधली. 'बांधली' हा शब्द त्यांचा. ब्रेकला ते लगाम म्हणत. आपण चढलो की विचारत, "स्वार झालात?" चढण आली की दाराबाहेर हात काढून पत्र्यावर थोपटत, "शाब्बास, शाब्बास." मोटार इतकी सावकाश चाले की एकदा आम्हांला एका प्रेतयात्रेने मागे टाकलं. पुढे गेल्यावर खांदेकऱ्यांपैकी एकाने वळून आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. खोटं सांगत नाही. थोडंसंच सांगतोय.

त्या मोटारीची समोरची काच दोन भागांची होती. मधे पितळेची उभी पट्टी. उजवी काच आबासाहेबांपुढे, डावी शेजाऱ्यापुढे. दोन्ही भाग खिडकीच्या झडपेसारखे होते. स्क्रू सैल केला की थोडे इकडेतिकडे वळत, उन्हाळ्यात वारा यावा म्हणून. आबासाहेब रोज सकाळी त्या काचा जुन्या धोतराने अशा घासत की चिमण्या येऊन त्यात स्वतःशी भांडत.

आता डावी काच फुटली कशी, ते ऐका.

खंडेनवमी होती. आबासाहेबांकडे त्या दिवशी शस्त्रांची पूजा होई, आणि घोडा गेल्यापासून मोटारीचीही. मोटारीला झेंडूचा हार घातला, गंध लावलं आणि तिच्यापुढे पाटावर एक कोहळा ठेवला. कोहळा म्हणजे काय, साताऱ्याकडे एवढं मूल जन्मलं तर बारशाला पाळण्याऐवजी बैलगाडी आणतात. आबासाहेबांनी पणजोबांची तलवार उपसली.

मी म्हटलं, "आबासाहेब, विळी आणू का?"

"विळीने भाजी होते, मास्तर. बळी तलवारीने जातो. कायद्याने."

आणि त्यांनी वार केला. पागेतला हात! कोहळ्याचं एक अर्धं पाटावर राहिलं आणि दुसरं उडालं. ते कुठवर उडालं याबद्दल इंदरगंजात दोन मतं आहेत. किल्ल्यावर जाऊन, बुरुजाला आपटून परत आलं असं मी सांगतो. सरळच आलं असं आबासाहेब म्हणतात. आलं ते मात्र डाव्या काचेवर. खळ्ळकन आवाज झाला आणि हारातली फुलं नि काचेचे तुकडे एकत्रच खाली आले.

मला वाटलं, आता आबासाहेब त्या कोहळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. पण ते तलवारीला लागलेल्या बिया बोटाने काढत राहिले. मग म्हणाले, "धनत्रयोदशीला चंद्रा येऊन राहिली आहे."

चंद्रा ही त्यांची एकुलती लेक. बडोद्याकडे दिलेली. आई लहानपणीच गेलेली. चार वर्षांत ती माहेरी फिरकली नव्हती. पत्रं येत, पण त्यांत दोनच ओळी असत, 'येथील सर्व क्षेम, आपली प्रकृती जपावी.' ही पत्रं वाचून दाखवायला मीच असे आणि वाचून संपलं तरी आबासाहेब पुढचं ऐकायला तसेच बसत. या खेपेच्या पत्रात तिसरी ओळ होती, 'दिवाळीला येते. मोटार घेऊन यावे.'

मी सहज म्हटलं, "मग टांगा करू. त्यात काय एवढं?"

"टांगा?" आबासाहेब माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच कोहळा आहे. "ती याच मोटारीतून गेली, मास्तर. याच मोटारीतून तिला परत आणायची आहे. आणि अशी एका डोळ्याची मोटार घेऊन जाऊ लेकीपुढे?"

मग तबेल्याच्या दाराकडे बघत त्यांनी सांगितलं, "जायच्या दिवशी स्टेशनच्या रस्त्यात म्हणाली, आबा, अजून महिनाभर राहू द्या. मी बोललो, मुलीने कायद्याने सासरी राहावं. मागच्या गादीवर रडून राहिली होती म्हणतात. मला काय दिसणार? मी समोर रस्ता बघत होतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हजीऱ्याच्या बाजारात नन्हे मियाँकडे गेलो. नन्हे मियाँ हा काचेचा जुना कारागीर. नाव नन्हे, पण दुकानातून बाहेर यायचं तर त्याला तिरकं व्हावं लागे. त्याची सारी हयात सरदारांच्या दिवाणखान्यांत आरसे लावण्यात गेलेली. मोटारीचं काम त्याने कधी केलं नव्हतं, पण जाड काच कापणारा दुसरा कुणी नव्हता.

आबासाहेबांनी त्याच्यापुढे पितळी चौकट ठेवली. "मियाँ, मोटर के सामने का शीशा चाहिए. बायाँ वाला."

मी दचकलो. आमच्याकडे शिसं म्हणजे पेन्सिलीतलं किंवा बंदुकीच्या गोळीतलं. पण कायद्याच्या वेळी एकदा तोंडघशी पडलो होतो, म्हणून गप्प राहिलो. इथेच चुकलं. त्या दिवशी मी मूर्खासारखं विचारलं असतं तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. किंवा झालं नसतं.

"शीशा?" नन्हे मियाँने विचारलं. "मोटर में?"

"हाँ भई, शीशा. कायदे का शीशा. पहले वाला ऐसा था कि सूरत दिखती थी. वैसाही पाहिजे. मतलब, चाहिए."

"सूरत दिखे?"

"एकदम साफ."

नन्हे मियाँने माप घेतलं आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "जैसा हुज़ूर का हुक्म." मोठ्या लोकांच्या लहरी त्याने जन्मभर पाहिल्या होत्या. एका सरदाराने हत्तीला सजवल्यावर दाखवायला म्हणून त्याच्याकडून आरसा नेला होता, असं तो सांगे. त्याच्यापुढे मोटारीची काय कथा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी तो स्वतः चौकट घेऊन आला. वर मलमलीचं फडकं. त्याने ती मोटारीवर बसवली, स्क्रू आवळले आणि दोन पावलं मागे सरून नाटकातल्यासारखं फडकं ओढलं. आबासाहेबांनी आत वाकून पाहिलं. आतून आबासाहेबांनी आबासाहेबांकडे पाहिलं. चारी कोपऱ्यांतून चार पोपटांनी पाहिलं.

"हे काय आहे?" आबासाहेब मराठीत ओरडले.

"शीशा, हुज़ूर."

"अरे, ये तो आईना है!"

"तो शीशा और क्या होता है?" नन्हे मियाँ खराखुरा दुखावला. "आपने ही फ़रमाया, सूरत दिखे. सूरत तो दिख रही है. तोते मैंने अपनी तरफ़ से डाले हैं."

अर्धा तास वाद झाला. त्यात शीशा, काँच, आईना, काच, आरसा आणि मधेच माझं शिसं एवढ्यांचा फडशा पडला. शेवटी निष्पन्न इतकंच की इकडे शीशा म्हणजे काचही आणि आरसाही, आणि मोटारीला लागते तशी जाड साफ काच कानपूरहून मागवावी लागेल आणि तिला महिना तरी लागेल. आणि चंद्राची गाडी उद्या सकाळी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही आरशासकट निघालो. रस्त्यात प्रत्येक टांगेवाला थांबून बघत होता. मी अर्थात पुढे, माझ्याच तोंडासमोर. आबासाहेबांनी चढणीवर पत्र्यावर थापसुद्धा मारली नाही.

चंद्रा उतरली. मी तिला प्रथमच पाहत होतो. सावळी, उंच, बापासारखंच ताठ नाक. तिने वाकून नमस्कार केला. बाप लेकीच्या डोक्यावरून हात फिरवतो न फिरवतो तोच तो हात ट्रंकेकडे गेला.

"प्रवास कायद्याने झाला?"

"झाला."

संपलं बोलणं. त्या घराण्यात बाप नि लेक समोरासमोर बसून बोलत नसत. पंगतीत नाही, ओसरीवर नाही, कुठेच नाही. बोलायचं ते एकाने दाराकडे बघून, दुसऱ्याने जमिनीकडे बघून. ती मागे डाव्या बाजूला जाऊन बसली, पदर सारखा केला, आणि तिची नजर समोर गेली.

"अगं बाई! आबा, हे पोपट कुठून आणले?"

आबासाहेबांनी आरशाच्या झडपेचा स्क्रू सैल केला आणि ती हळूच आपल्याकडे वळवली. किंचितच, बोटभर. माझा अर्धा चेहरा तेवढा उरला आणि बाकीच्या आरशात मागची गादी आली.

इंदरगंजाला स्टेशनहून सरळ रस्ता आहे. आबासाहेबांनी मोटार हजीऱ्याकडे वळवली. म्हणजे घर दक्षिणेला आणि आम्ही उत्तरेला. मी तोंड उघडलं आणि आरशात पाहून मिटलं. त्या आरशात बाप लेकीकडे बघत होता आणि लेक बापाकडे. माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदा.

"किती वाळलात आबा," ती म्हणाली.

"तू पण."

पुढे एक म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी होती.

"आबा, समोर बघा!"

"समोरच बघतोय."

म्हैस बाजूला झाली. आमच्या वेगाची तिला कल्पना असावी. मी माझ्या उरलेल्या अर्ध्या तोंडावर शक्य तितका मूर्खपणा आणून बसलो होतो, म्हणजे कुणाला माझी अडचण वाटू नये. हजीऱ्याच्या बाजाराला आम्ही दुसरी फेरी घालत असताना आबासाहेब म्हणाले, "चंद्रे, या खेपेस राहा. तुला वाटेल तितकं."

तिने पदराने डोळे पुसले. आरशात ते लपवायला जागाच नव्हती. मग तिरकस हसून म्हणाली, "कायद्याने किती दिवस राहावं मुलीने?"

"कायदा गेला चुलीत," आबासाहेब म्हणाले.

चंद्रा तुळशीचं लग्न उलटून गेल्यावरही पंधरा दिवस राहिली आणि मग आनंदाने सासरी गेली. तिची पत्रं आता चार-चार पानी येतात आणि ती वाचून माझा घसा बसतो. आरसा तसाच राहिला. लोक विचारत, "आबासाहेब, काच?" ते म्हणत, "कानपूरहून यायची आहे. रेल्वेचा कारभार! कायद्याने काही होतं का तिथे?" आणि मीही त्यांच्याबरोबर रेल्वेला शिव्या घालत असे.

परवा तबेल्यात एक दोरी शोधत होतो. कोपऱ्यात, पागेतून आणलेल्या जुन्या खोगिरांच्या मागे, गवत भरलेली एक चपटी लाकडी पेटी दिसली. वर कानपूर स्टेशनचा शिक्का होता. तारीख मागल्या डिसेंबरातली. फळी थोडी उचकटलेली होती. आत बोट घातलं तर थंडगार, जाड, साफ काच.

"मास्तर, तिकडे घूस आहे. इकडे या," आबासाहेब मोटारीतून म्हणाले.

मी खोगीर होतं तसं ठेवून परत आलो. ते स्टिअरिंगशी बसून आरसा पुसत होते. झडप अजून त्यांच्याकडेच वळलेली होती.

"जरा मागे बसता? मतलब, त्या डाव्या बाजूला." मी जाऊन बसलो. त्यांनी आरशात पाहिलं, स्क्रू केसभर फिरवला आणि मान हलवली. "बिलकुल ठीक. उतरा आता."

मी उतरलो. त्यांनी माझ्या बसण्याने गादीवर पडलेली घडी हाताने सारखी केली.

"दिवाळीला किती दिवस राहिले, मास्तर?"

मी बोटांवर मोजायला लागलो. बाहेर चैत्राचं ऊन होतं.