रूमच्या वारुणीचा वास आणि रस यांची वाटणी

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न, ऐकणाऱ्याचे नाक शाबूत असो. शके अमुक, सुगंधीनाम संवत्सर, जे पंचांगात नाही परंतु या राज्यात येऊन गेले, ते साली महाराज सिंहासनी असता रूमच्या समुद्राकाठील राजाचा वकील दरबारी आला आणि नजराण्यास पांढऱ्या द्राक्षांच्या वारुणीचे पिंप आणिले. त्या मुलखी सूर्य रजा घेत नाही म्हणोन द्राक्षे मधास मागे सारितात, ऐसी ख्याती. मग बूच काढिले आणि नारिंगीच्या फुलांचा, पिकल्या जर्दाळूंचा ऐसा दरवळ सुटला की भालदार ललकारी विसरला. अत्तरखान्याचे दरोगा विसाजीपंत, त्यांच्या कुप्या कोरड्या पडल्या होत्या आणि संक्रांतीस अत्तरखाना मोडोन तेथे कडबा भरावा ऐसे ठरले होते, ते पुढे जाहले आणि बोलिले, "खाविंद, सुवासिक ते अत्तरखान्याचे, ऐसा वडिलांपासोन रिवाज. पिंप माझे." मग शरबते राखणारा आबदार रखमाजी उसळला, "अन् पातळ ते आबदारखान्याचं, ह्यो बी रिवाजच! पंत, प्यायची चीज कानामागं लावता व्हय?" मग महाराजांनी मिशीस पीळ देऊन निवाडा केला, "वास पंतांचा, रस रखमाजीचा. आधी पंतांनी आपला वास काढोन न्यावा आणि मग उरला रस रखमाजीने वकिलाच्या निरोपाच्या मेजवानीस वाढावा."

मग पंतांनी पिंपाचे तोंड उघडे टाकिले आणि वर कापसाचे फाये टांगिले, आणि रसास बोट लावणे म्हणजे रखमाजीच्या हद्दीत शिरणे, म्हणोन वाऱ्यावर भरवसा ठेविला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पंत पिंपाशी बसत आणि हुंगत, आणि त्यांस त्या वासाचा पोटच्या लेकरासारखा लळा लागला. एके सकाळी हुंगिले तो काही नाही. फाये हुंगिले तो निव्वळ कापूस. पंत तोंडावर उपरणे घेऊन रडले.

मेजवानीस वकिलाने घोट घेतला आणि त्याचे डोळे कपाळास गेले. "हा तर आंबोन शिरका जाहला!" रखमाजी बोलिला, "रस पुरा हाय, सरकार, मापून घ्या. चव गेली आसंल तर ती वासासंगं पंतांकडं." महाराज कोपले आणि बोलिले, "पंत, वास हजर करा." पंतांनी फाया पुढे केला. महाराजांनी हुंगिला आणि बोलिले, "यास तर वासच नाही." पंतांस डोळ्यांपुढे कडबा दिसो लागला आणि ते तोंडास येईल ते बोलोन गेले, "खाविंद, वास अदबशीर आहे. धन्यासमोर तोंड उघडीत नाही."

महाराज प्रसन्न जाहले आणि बोलिले, "इतकी अदब या दरबारी एकासही नाही!" मग फायास शेला आणि उजवे हाती बैठक दिधली, आणि पंतांस अत्तरखाना वंशपरंपरा वतन करोन दिधला, आणि वकिलास लोणच्यास उपयोगी म्हणोन शिरका बरणी भरोन परत केला. पंत सनद घेऊन घरी आले आणि दार लोटोन ती हुंगोन पाहिली. तीस शाईचा वास येत होता.

तात्पर्य, वास गेला आणि वतन राहिले. हकीकत सरली.