दोन फळ्यांचा पाट

"पाट मी घरीच करतो," असं हरिश्चंद्र मयेकर जेवता जेवता म्हणाला, तेव्हा त्याच्या बायकोने, सावित्रीने, हातातला डाव आमटीच्या पातेल्यात परत ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. नवऱ्याच्या तोंडून 'मी घरीच करतो' हे शब्द बाहेर पडले की वाद घालायचा नसतो, पुढच्या तयारीला लागायचं असतं. मागे त्याने मोरीचा नळ घरीच दुरुस्त केला होता. तेव्हापासून मयेकरांकडे आंघोळ करायची तर आधी स्वयंपाकघरातला नळ सोडावा लागतो. (का, ते विचारू नये. खुद्द हरिश्चंद्रालाही ते सांगता येत नाही.)

पाट म्हणजे गणपतीचा पाट. मयेकर राहतात रत्नागिरीत, मांडवीला, आणि त्यांच्याकडे गणपती दुकानातून पसंत करून आणत नाहीत. घरचा पाट नागपंचमीच्या आत गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा, त्याला कुंकू लावायचं, त्यावर नारळ ठेवायचा, मग शाळेतला भागोजी त्याच पाटावर मूर्ती घडवणार. पाट जेवढा, गणपती तेवढा. मयेकरांचा गणपती पणजोबांपासून दीड हाताचा. त्यात बोटभरही फरक करायचा नाही, असा घराण्याचा दंडक होता आणि त्या दंडकावर पहारा देण्याचं काम परळला राहणारे थोरले बंधू मोरेश्वरदादा करत. दादा गणपतीला गावी येत आणि तेवढ्या दिवसांत धाकट्याच्या वर्षभराच्या चुका काढून परत जात.

गेल्या वर्षी विसर्जनानंतर घरी येताना जुन्या पाटाचा कोपरा दादांच्या हातात आला. वाळवी. दादांनी तो कोपरा सगळ्या भाऊबंदांसमोर हरिश्चंद्राला दाखवला आणि म्हणाले, "एक पाट सांभाळता येत नाही तुला. लोकांच्या जमिनी कशा मोजतोस रे?"

हरिश्चंद्र भूमापन कचेरीत मोजणीदार होता. जयगडपासून संगमेश्वरापर्यंत भावाभावांची वीतभर जागेची भांडणं त्याच्या फितीने मिटत. (काही सुरूही होत.) त्यामुळे हे वाक्य त्याला फार लागलं. माशाच्या काट्यासारखं ते वर्षभर त्याच्या घशात अडकून राहिलं. ह्या खेपेला दादांनी पाट बघावा आणि म्हणावं, वा हरी. बस्स, एवढीच त्याची इच्छा होती. दादांनी त्याला जन्मात कधी 'वा' म्हटलेलं नव्हतं.

आता पाट करायचा तर सुतारकाम यावं लागतं, ही अडचण कोणालाही दिसली असती. पण नेमका त्याच वेळी शेजारचा जमाल मुकादम शारजाहून सुट्टीवर आला. जमाल आणि हरिश्चंद्र लहानपणी एकाच गळाने खडकावर मासे धरलेले. जमाल तिकडे क्रेन चालवायचा आणि दर सुट्टीला मित्रासाठी काहीतरी आणायचा. या वेळी त्याने आणलेली वस्तू बघून हरिश्चंद्राला वाटलं, देवाने आपली हाक ऐकली आणि शारजामार्गे उत्तर पाठवलं.

"जिग म्हणतात याला," जमालने सांगितलं. "दोन फळ्या जोडायच्या ना, तर फळीच्या कडेला हा असा लावायचा, स्क्रू पिळायचा. ह्याच्यात भोकं हायत बघ. त्यातनं गिरमीट घातलं की फळीत भोक सरळच पडणार. वाकडं पाडीन म्हटलंस तरी पडायचं नाय. मग दुसऱ्या फळीत तसंच. मधे गोंद लावून लाकडाच्या खुंट्या ठोकायच्या. खिळा नको, सुतार नको. तिकडे साहेब लोक घरातलं कपाटसुद्धा स्वतः करतात."

"तू केलंस कधी?"

"मी कशाला करू? मला कुठे कपाट हवंय?"

लोखंडी चिमट्यासारखी ती वस्तू, खुंट्यांची पिशवी आणि माहितीचं एक पत्रक, एवढा ऐवज होता. पत्रक एका बाजूला चिनी भाषेत आणि दुसऱ्या बाजूला अरबीत. हरिश्चंद्राने ते विश्वासाने जमालसमोर धरलं. जमालने चष्मा लावला, घसा खाकरला आणि सबंध पत्रक असं खणखणीत, स्वच्छ उच्चारात वाचून काढलं की स्वयंपाकघरात सावित्रीने डोक्यावरून पदर घेतला.

"मग? काय म्हणतं?" हरिश्चंद्राने विचारलं.

"ते मला काय ठाऊक?" जमाल म्हणाला. "लहानपणी मदरशात वाचायला शिकलो, अर्थ कोणी सांगितला नाय. आणि तिकडच्या बोलीतलं मला 'पाणी आण', 'लवकर चल' आणि 'पगार उद्या', एवढंच समजतं. यातलं काय इथे लिवलेलं दिसत नाय."

मग दोघांनी चित्रं बघून काम सुरू केलं.

माळ्यावर फणसाच्या दोन जुन्या फळ्या होत्या. एकेकटी अरुंद, पण कडेला कड जोडली तर गणपतीला हवा त्याहून रुंद पाट झाला असता. हरिश्चंद्राने पडवीत सतरंजी अंथरली, पेन्सिल कानाला लावली आणि कचेरीतल्या सवयीने आधी एक नकाशा काढला. त्यात उत्तर दिशाही दाखवली. पहिल्या फळीच्या कडेला जिग लावून भोकं पाडली. खरोखरच सरळ पडली. दुसऱ्या फळीचीही पडली. मात्र मधेच त्याला दिसलं की दुसऱ्या फळीची मागची बाजू जास्त देखणी आहे, म्हणून त्याने ती उलटून घेतली. गोंद लावला, खुंट्या घातल्या, ठोकलं. जोड पक्का बसला. फक्त एक फळी वर आणि एक खाली, अशी मधे करंगळीएवढी पायरी झाली.

"अशी पायरी मुद्दाम ठेवतात काय?" सावित्रीने दारातून विचारलं.

"जिगचं मोजमाप एका बाजूने असतं," हरिश्चंद्र गंभीरपणे म्हणाला. "फळी उलटली की ते बदलतं. हा अनुभव आहे. असं करत करतच माणूस शिकतो."

शिकण्याला एक किंमत होती. खुंट्या आत चिकटून बसलेल्या, त्यामुळे करवतीने जोड कापून दोन्ही फळ्यांच्या भोकाळ कडा काढून टाकाव्या लागल्या. पाट तेवढा अरुंद झाला. पण मुळात तो जास्तच रुंद होता, असं हरिश्चंद्र म्हणाला, आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या खेपेला फळ्या उलटल्या नाहीत. पण एका फळीवरची भोकं त्याने डाव्या टोकापासून मोजली आणि दुसरीवरची उजव्या. पायरी गेली, पण एक फळी पुढे आणि एक मागे, असा पाट झाला. (ज्या माणसाने आख्ख्या तालुक्याचे बांध सरळ केले, त्याच्या पडवीत हे घडलं.) पुन्हा करवत. या वेळी लांबीही गेली.

तिसऱ्या खेपेला मोजमापं बिनचूक होती. घात केला हवेने. श्रावण तोंडावर आला होता, घरात मिठाचं पाणी होत होतं आणि पापड वाकत होते. शारजाच्या कोरड्या हवेत जन्मलेल्या खुंट्या मांडवीची हवा पिऊन टम्म फुगल्या. अर्ध्यात अडकल्या. हरिश्चंद्राने हातोडी घेतली. जमाल म्हणाला, "नको ठोकू." हरिश्चंद्राने ठोकलं. फणसाची फळी आवाज करून उभी चिरली.

"जमाल, आता पुरेल का रे?" हरिश्चंद्राने हळूच विचारलं.

जमालने फळ्यांकडे बघितलं, मग मित्राच्या तोंडाकडे बघितलं. "खुंट्या उन्हात वाळव," एवढंच तो म्हणाला आणि कसलंसं काम आठवून घरी गेला.

ऊन नव्हतंच. खुंट्या चुलीशेजारी पापडांबरोबर वाळल्या. चिरलेला भाग कापून काढल्यावर, चौथ्या खेपेला मात्र सगळं जमून आलं. भोकासमोर भोक आलं, खुंटी मऊ आवाज करत आत गेली, गोंद कडेने बारीक बाहेर आला, तो हरिश्चंद्राने फडक्याने टिपला. दुसऱ्या दिवशी जोडावरून त्याने डोळे मिटून बोट फिरवलं. जोड लागला नाही. त्याने पुन्हा फिरवलं. मग सावित्रीला बोलावून तिचंही बोट फिरवून घेतलं. त्याला खरोखर भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून दोन गोष्टी एक झाल्या होत्या. एरवी त्याचं काम एकाचे दोन करण्याचं.

"सुरेख झालाय," सावित्री म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. "लहान झालाय, पण सुरेख झालाय."

"लहान दिसतो," हरिश्चंद्र म्हणाला. "भागोजी बघेल बरोबर."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी पाटाला त्याने स्वतः कुंकू लावलं, वर नारळ ठेवला (नारळ ठेवल्यावर पाट फारसा दिसेना) आणि तो गणपतीच्या शाळेत गेला. ओल्या मातीच्या वासात भागोजी एका सोंडेवर पाणी फिरवत बसला होता.

"या मयेकर. कोणाचा पाट आणलात?"

"कोणाचा म्हणजे? आमचा."

"तुमचा कवाच आलाय." भागोजीने मागच्या रांगेकडे बोट केलं. तिथे एका ऐसपैस, नव्याकोऱ्या पाटावर मयेकरांचा दीड हाताचा गणपती पोट पुढे करून बसलेला होता. सोंड तेवढी बाकी होती. "आषाढात जमालभाई स्कूटरवर घालून घेऊन आले. त्यांच्या बायकोच्या माहेरचा सुतार हाय म्हणे जयगडला. सावित्रीवहिनी मागनं रिक्षानं आल्या, नारळ ठेवून गेल्या."

हरिश्चंद्र त्या पाटाकडे बघतच राहिला. आख्खी एक फळी. कुठे जोड नाही. ज्याने जिग दिला, त्यानेच हा पाट आणला होता, आणि वर पडवीत येऊन चारही वेळा गोंदाचं डबडं धरून बसला होता. आपला पाट उचलून तो निघाला. भागोजीने आडवा हात घातला.

"रिकामा न्यायचा नाय तो. कुंकू लावलंत, नारळ ठेवलात, शाळेचा उंबरा वलांडलात. देवाच्या नावाचा पाट माघारी धाडला तर उद्या माझ्याच नावानं बोंब. यावर काय ना काय बसवायलाच पायजे."

"मग बसव की गणपती. छोटा."

"एका घरात दोन? दादा मला जित्ता ठेवतील?" भागोजीने पाटावर वीत टाकली, मान तिरकी केली, पुन्हा वीत टाकली. "उंदीर बसंल," तो म्हणाला. "पायाशी करतो तो या खेपेला करत नाय. वायला, सुटा करतो, यावर. ऐटीत बसंल."

घरी येऊन हरिश्चंद्राने चहा घेतला नाही. सावित्रीला कळायचं ते कळलं.

"कधी सांगितलंस जमालला?" त्याने विचारलं.

"तुम्ही पाट करतो म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग मला अडवलं का नाहीस?"

सावित्रीने तोच चहा परत त्याच्यापुढे सरकवला. "अहो, महिनाभर तुम्ही कचेरीतून आलात की सरळ पडवीत जायचात. आमटीत मीठ कमी म्हणाला नाहीत, वर्तमानपत्र कुठे गेलं म्हणून ओरडला नाहीत. सुखी दिसत होतात. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं."

यावर रागवावं की काय करावं, ते त्याला ठरवता आलं नाही. शेवटी त्याने चहा घेतला. एक आशा अजून शिल्लक होती. दादा उंदीर बघतील, मग उंदराखालचा पाट बघतील, जोड शोधतील, तो त्यांना सापडणार नाही, आणि मग ते म्हणतील.

दादा चतुर्थीच्या आदल्या दिवशी आले. मूर्ती घरात आली, मखरात बसली. दादांनी हाताने माप घेतलं. दीड हात. पाटाच्या चारी कोपऱ्यांवर टिचक्या मारल्या आणि समाधानाने हुंकार दिला. हा हुंकार जयगडच्या सुताराला गेला. मग त्यांचं लक्ष बाजूला गेलं. तिथे भागोजीने, पाट वाया जाऊ नये म्हणून, चांगला मांजराएवढा उंदीर बसवला होता. हातात मोदक, गळ्यात माळ, डोळे दादांवर.

"हे काय?"

"उंदीर," हरिश्चंद्र म्हणाला. "आणि त्याच्या खाली पाट आहे दादा. मी स्वतः..."

"स्वतंत्र उंदीर? आपल्या घराण्यात?" दादा खाली बसले. त्यांनी उंदराचंही माप घेतलं. नाकापासून शेपटीपर्यंत. बराच वेळ विचार केला. घरातली सगळी माणसं आरतीची ताटं हातात धरून उभी होती. "झालं ते झालं," दादा अखेर म्हणाले. "पण देवाच्या पंगतीत एकदा बसवला तो कायमचा बसवला. आता खंड पडता कामा नये. दरवर्षी हाच उंदीर, ह्याच मापाचा. बोटभर इकडेतिकडे चालणार नाही. आणि ज्याने आणला, त्यानेच न्यायचा."

विसर्जनाला दादा गणपती डोक्यावर घेऊन पुढे. ताशा, गुलाल, भाऊबंद, सगळे त्यांच्याभोवती. त्यांच्यामागे, मधे बरंच अंतर सोडून, दोन्ही हातांत पाटासकट उंदीर धरलेला हरिश्चंद्र. जमाल रस्त्याच्या कडेला उभा होता. मित्राला बघून तो अजिबात हसला नाही, आणि त्यासाठी त्याला फार कष्ट पडत असल्याचं लांबूनही दिसत होतं.

मांडवीच्या वाळूवर शेजारची कमळाकाकू पुढे आली आणि तिने उंदराच्या पाठीवरून हात फिरवला.

"काय गोड केलाय हो. कोणी केला?"

"भागोजीने," हरिश्चंद्र म्हणाला. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून त्याने सांगितलं, "पण काकू, खालचा पाट मी केलाय. दोन फळ्यांचा आहे. जोड कुठे ते शोधून दाखवा."

"पाट?" कमळाकाकू म्हणाली. "अरे मेल्या, उंदराच्या बुडाखाली कोण बघायला जातो?"