डोमाकाकांचा भागाकार

आमच्या मोहाडीच्या गल्लीत कुणाला ताप आला, की डॉक्टरांच्या आधी डोमाकाका हजर. "बरं आहे का?" असं ते विचारत नाहीत. अंगणातूनच ओरडतात, "न्यूट्रो किती? लिम्फो किती?"

काका कोशाच्या रेशमी साड्या विणणारे. काकू क्षयानं आजारी होत्या तेव्हा दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं, की रक्तातल्या या दोन पेशींचा भागाकार चढला तर अंगात दाह आहे, उतरला तर औषध लागू पडतंय. काकू गेल्या, भागाकार राहिला. "एक ताणा, एक बाणा," ते समजावतात. "ताणाच वाढला तं कापड बिघडते ना बाप्पा!" मग खडूनं आमच्याच अंगणातल्या फरशीवर हिशेब. उत्तर लहान आलं की निकाल ठरलेला, "जा, भात खा!"

शिष्टही तेवढेच. आमच्या घरात कधी पाऊल टाकत नाहीत. चहा स्वतःच्या पेल्यातून, तोही आमच्याकडे पाठ करून. माझी बायको त्यांना 'मोठे साहेब' म्हणते.

यंदा मला खोकला लागला तो हटेना. संध्याकाळी कणकण. रक्ताचा रिपोर्ट घेऊन मी अंगणात गेलो. न्यूट्रो बहात्तर, लिम्फो अठरा. काकांनी फरशीवर चार लिहिले आणि लगेच चपलेनं पुसून टाकले. भात खा म्हणाले नाहीत.

काकूंसारखा क्षय तर नाही? घरात रांगती मुलगी, दिवसभर माझ्याच मांडीवर. डॉक्टर म्हणाले, "अहो, साधी दाढ सुजली तरी हा आकडा चढतो. त्यावरून क्षय ठरत नाही. थुंकी तपासून घ्या." पण पाय उचलेना. तपासली तर खरंच कळेल, याचीच भीती.

शेवटी काकाच दारात आले. "चाल, मी येतो संगं."

जिल्ह्याच्या दवाखान्याच्या खिडकीतून मला थुंकीची डबी मिळाली. मी वळलो, तर काका खिडकीत वाकून म्हणत होते, "मलेबी एक द्या."

"तुम्हाला कशाला?"

"खोकला आहे ना बाबू. लय दिवसापासून."

मला तो पेला आठवला, ती पाठ आठवली.

"पोरगी रांगते तुह्या घरात," ते खाली बघत म्हणाले. "आत कसा येऊ?"

"मग आधीच काहून नाही तपासलं?"

"तुही काकू असताना याच बाकावर बसत होतो. एकट्यानं इथं याले भेव लागे."

"आणि तुमचा भागाकार?"

"माहा? थो कधी केलाच नाही."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होते. परतीच्या एसटीत काका सगळ्यांत मागे जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"दूर बस ना," ते म्हणाले.

मी हललो नाही. त्यांनी दुपट्टा तोंडाला लावला, खिडकी पूर्ण उघडली आणि घर येईपर्यंत माझा हात सोडला नाही.